मोकळं म्हणायचं कुणी?

"आजपासून या कारखान्यात कुणाचं नखसुद्धा दुखणार नाही!"

जपूनरावांनी हे वाक्य सकाळच्या सभेत इतक्या जोरात म्हटलं, की पुढे उभ्या असलेल्या पॉलिशवाल्या मावशी दचकल्या आणि त्यांच्या हातातला डबा त्यांच्याच पायावर पडला. नेमका नखावर! मावशी कळवळल्या. पण जपूनराव त्या दिवशी इतके रंगात आले होते, की त्यांना मावशीही दिसल्या नाहीत आणि डबाही दिसला नाही.

जपूनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव बायकोलाही आठवावं लागायचं. हा माणूस उठता-बसता एकच शब्द बोलायचा: "जपून!" जिना चढणाऱ्याला जपून, उतरणाऱ्याला जपून, आणि जो नुसता जिन्याखाली उभा आहे त्यालाही जपून. घरी बायकोने चहा पुढे केला तरी, "जपून हं, गरम असेल."

"गार झालाय हो!" बायको म्हणायची.

"मग जास्तच जपून. गार चहाने घसा धरतो!"

आता अशा माणसाला लोक दुसरं काय म्हणणार?

कारखाना कपाटांचा होता. लाकडी, दोन दारांची, माणूस उभा मावेल एवढी उंच कपाटं. मालक म्हणजे जपूनरावांच्या बायकोचा थोरला भाऊ. सगळा कारखाना त्यांना दादा म्हणायचा. आणि या दादांची खरी पंचाईत काय होती सांगू? कामगार चुकला तर त्याला झापता येतं. पण जपूनराव पडले घरचे जावई! त्यांना अरे-तुरे करायची सोय नाही, आवाज चढवायची सोय नाही. त्यामुळे दादा अगदी संतापले म्हणजे हात जोडून म्हणायचे, "जावईबापू, आपण गाढव आहात."

तसे जपूनराव कामाला वाईट नव्हते. आधी दादांनी त्यांना विक्रीला बसवलं. तिथे कपाट बघायला आलेल्या नव्या जोडप्याला त्यांनी प्रेमाने समजावलं, की हे कपाट अंगावर पडलं तर माणसाचं काय काय मोडू शकतं. जोडपं दोरी बांधून तिच्यावरच कपडे टांगायच्या निर्णयाला येऊन परत गेलं! मग दादांनी त्यांना गोदामात टाकलं. तिथे वरचं काही डोक्यात पडू नये म्हणून त्यांनी सगळा माल खाली जमिनीवर पसरून ठेवला. गोदामात पाय ठेवायला जागा उरली नाही आणि गोदामवाला खिडकीतून ये-जा करू लागला.

शेवटी दादा बहिणीच्या घरी आले आणि म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला आता एकच काम उरलंय माझ्याकडे. सुरक्षा आणि आरोग्य. सगळीकडे म्हणतात कारखान्यात तसा कार्यक्रम हवा. हेही जमलं नाही, तर मला माफ कर, पण जावईबापूंनी घरीच बसावं. मी तुझ्याकडे मिठाई घेऊन येत जाईन."

 दादा गेल्यावर बायकोने जपूनरावांकडे असं पाहिलं, की ते पाहणंच पुरेसं होतं. जपूनराव ताडकन उठले. "अगं, हेच तर माझं काम! जन्मभर मी दुसरं केलंय काय?"

आणि खरंच हो, माणूस पेटला! त्यांनी धूळ ओढायचे पंखे साफ करून घेतले. करवतीवर जाळ्या बसवल्या. रंगाच्या खोलीत नाकाला पट्ट्या आल्या, यंत्रांच्या खोलीत कानांवर घालायच्या जाड टोप्या आल्या. त्या इतक्या जाड, की घातल्यावर शेजारचा माणूस बोंबलला तरी नुसतं तोंड हलताना दिसायचं. ओझं कसं उचलावं हे शिकवताना स्वतः जपूनरावांच्याच कमरेत उसण भरली, पण त्यांनी वाकलेल्या अवस्थेतच उरलेला धडा पूर्ण केला.

मात्र या सगळ्याचा कळस म्हणजे शिट्टी!

"लक्षात घ्या," त्या सकाळच्या सभेत ते सांगत होते, "वरून हुकूम सोडून सुरक्षा येत नाही. कामगारांना त्यात उतरावं लागतं. म्हणून ही घ्या, प्रत्येकाला एक लाल शिट्टी! गळ्यात घाला. कुठेही धोका दिसला, की फुंका! शिट्टी ऐकली, की सगळी यंत्रं बंद, कानांवरच्या टोप्या वर. जो जिथे आहे तो तिथे पुतळा! बोलायला हरकत नाही, पण जागचं हलायचं नाही. ज्याने शिट्टी वाजवली तेवढ्यानेच हलायचं, त्यानेच धोका दूर करायचा, आणि धोका टळला की त्यानेच ओरडायचं, 'मोकळं!' मग काम पुन्हा सुरू."

"आणि दादा मोकळं म्हणाले तर?" पाळणेवाल्या काकांनी विचारलं. पाळणा म्हणजे कपाटांची मजबुती तपासायचं यंत्र. त्यावर कपाट बांधायचं, मग ते आधी हलायचं, मग आडवं व्हायचं आणि शेवटी उलटं. त्यातून जे कपाट धड उतरेल ते विक्रीला.

"दादाच काय, दादांचे दादा आले तरी नाही!" जपूनराव गरजले. कारण त्यांना ठाऊक होतं. या आधी कुणी काही दाखवलं, की दादा हात झटकून म्हणायचे, "काही होत नाही रे, लागा कामाला." झालं, संपली सुरक्षा! "आणि अर्धं मोकळं, थोडंसं मोकळं, तात्पुरतं मोकळं असलं काही चालणार नाही. धोका पूर्ण टळल्याशिवाय तो शब्द तोंडातून काढायचा नाही. घ्या शपथ!"

सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली. दादांनीही घेतली, कारण सगळे त्यांच्याकडे बघत होते.

पहिले काही दिवस शिट्टी वाजलीच नाही. जपूनरावांना अन्न गोड लागेना. ते यंत्रायंत्रापाशी जाऊन विनवण्या करू लागले. "अहो, एखादी तरी वाजवा की! काहीच कसा धोका दिसत नाही तुम्हाला?"

"दिसतो हो," करवतीवरचा सुतार म्हणाला, "पण लाज वाटते."

मग एका दुपारी तो सोन्याचा क्षण आला! दादा फोनवर बोलत, हातात चहाचा भरलेला पेला घेऊन, समोर न बघता यंत्रांच्या मधून चालले होते. पुढे जमिनीवर तेल सांडलेलं. पॉलिशवाल्या मावशींनी पाहिलं, डोळे मिटले आणि शिट्टी फुंकली.

कारखाना थांबला! करवत थांबली, पंखे थांबले, आणि दादा एक पाय उचललेल्या अवस्थेत थांबले. मावशी निवांत उठल्या. फडकं शोधलं. तेल पुसलं. परत पुसलं. मग दादांच्या हातातला पेला काढून बाजूला ठेवला, चष्मा सावरून एकदा जमिनीकडे आणि एकदा दादांच्या लटपटणाऱ्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मोकळं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. जपूनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. अहो, मालकाला एका पायावर उभं करता येतं हे त्या दिवशी अख्ख्या कारखान्याला कळलं!

त्यानंतर शिट्ट्यांचा नुसता पाऊस! लोंबणारी वायर दिसली, शिट्टी. शिडीचा पाय डगमगला, शिट्टी. हे ठीकच होतं, त्यातून खरोखर बऱ्याच भानगडी निस्तरल्या. पण मग हिशेबनीसाची खुर्ची कुरकुरली, शिट्टी. कुणाच्या डब्यातली भाजी तिखट निघाली, शिट्टी! दादा सुताराला बोलायला लागले, तर सुताराने थंडपणे शिट्टी फुंकली आणि म्हणाला, "मन दुखावण्याचा धोका." आणि तो धोका टळायला त्याला चांगलाच वेळ लागला.

"बघा दादा!" जपूनराव उड्या मारायचे बाकी होते. "केवढे धोके होते आपल्याकडे! आणि आपल्याला पत्ताच नव्हता!"

दादांनी हात जोडले. हात जोडले म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल.

"जावईबापू, नीट ऐका. उद्या वसतिगृहवाल्या बाई येतायत. मुलांची किती तरी वसतिगृहं आहेत त्यांची. प्रत्येक खोलीत कपाट लागतं. एवढी मोठी मागणी आपल्याला जन्मात आली नव्हती. तुमची जाळी बघतील, पट्ट्या बघतील, टोप्या बघतील, सगळं बघू दे. पण उद्या कारखान्यात एक जरी शिट्टी वाजली ना, तर तुम्ही घरी. मग मी मिठाई घेऊन येणार. समजलं?"

"समजलं," जपूनराव म्हणाले. "पण शिट्ट्या काढून घेणार नाही हं मी. तो कार्यक्रमाचा आत्मा आहे."

"आत्म्याला उद्या गप्प बसवा म्हणजे झालं."

घरी बायकोने विचारलं, "काय म्हणाला दादा?"

"उद्याचा दिवस नीट गेला की झालं."

"आणि नाही गेला तर?"

"मिठाई आवडते ना तुला?" जपूनरावांनी हसायचा प्रयत्न केला. बायको हसली नाही. तिने उशीवर डोकं टेकलं आणि दुसरीकडे तोंड करून म्हणाली, "अहो, मला दादाकडे परत कधी तोंड वर करून जाता यावं एवढंच करा."

दुसऱ्या दिवशी जपूनराव सगळ्यांच्या आधी कारखान्यात हजर! बेत अगदी साधा होता. धोकाच शिल्लक ठेवायचा नाही. मग शिट्टी वाजेल कशाला? त्यांनी रांगत रांगत खिळे वेचले. वायरी बांधल्या. हिशेबनीसाच्या खुर्चीला तेल घातलं. रंग वाळवायचा मोठा पंखा वाटेत येत होता, तो ढकलून कोपऱ्यात सुरक्षित जागी नेला. लोक आले, टोप्या चढवल्या, यंत्रं सुरू झाली. सगळं कसं लखलखीत! शेवटी राहिलं ते बाईंना दाखवायचं नमुन्याचं कपाट.

हे कपाट म्हणजे दादांचा जीव की प्राण. त्याला दादांनी स्वतः शोधलेला खटका होता. दार नुसतं ढकललं, की टक्कन बंद. बाहेरची कळ दाबल्याशिवाय पहिलवान आला तरी उघडणार नाही. जपूनरावांनी दार उघडून आत डोकावलं. मागच्या फळीला एखादा स्क्रू टोचत तर नाही ना? हाताने लागेना, म्हणून आत शिरले. खाली वाकले. अंगठ्याने एकेक स्क्रू चाचपला. कुठेही टोचत नव्हतं! "वा!" ते स्वतःशीच म्हणाले.

तेवढ्यात कुणीतरी रंगाचा पंखा सुरू केला. तो आता सुरक्षित जागेवरून थेट कपाटाकडे वारा सोडत होता.

टक्क!

अंधार झाला. जपूनरावांनी दार ढकललं. मग खांद्याने ढकललं. मग ओरडले, "अहो, कुणी आहे का?" बाहेर सगळा कारखाना होता, पण सगळ्यांच्या कानांवर जपूनरावांच्याच जाड टोप्या! त्यांनी दारावर धडाधड बुक्के मारले. पलीकडे सुतार हातोडा मारत होता, त्याने बहुधा ताल धरला.

टोपीतूनही ऐकू जाणारी एकच गोष्ट होती. ती त्यांच्या गळ्यात लोंबत होती. बाजारातल्या सगळ्या शिट्ट्या फुंकून, त्यातली सगळ्यात कर्कश त्यांनीच निवडली होती. हात शिट्टीकडे गेला आणि थबकला. एक जरी वाजली तर घरी!

"बसतो गप," जपूनरावांनी स्वतःला समजावलं. "बाई येतील, बघतील, जातील. फटीतून हवा येतेय. मग यंत्रं थांबली की हाक मारू. काही बिघडत नाही. जपून बसायचं फक्त."

आणि मग कपाट उचललं गेलं.

"आयला, आज जड का लागतंय?" एक आवाज. बोलण्यापुरती टोपी वर केली असावी.

"बाईंसाठी दादांनी जाड लाकूड लावलं असणार. ओझं कसं उचलायचं आठवतंय ना? गुडघ्यातून! कमरेतून नाही!"

एवढ्या अवस्थेतही जपूनरावांची छाती अभिमानाने फुगली. शिकवलेलं लक्षात ठेवलंय लोकांनी! मग कपाट टेकलं, पट्टे आवळल्याचा आवाज आला आणि ती छाती भसकन खाली बसली. पट्टे फक्त एकाच ठिकाणी आवळतात. आपण पाळण्यावर आहोत!

बाहेर दादांचा आवाज आला, अगदी साखरेत घोळलेला. "या बाई, या! टोपी जरा उचला कानावरून, म्हणजे ऐकू येईल. हे आमचं कपाट. वजन बघितलंत? चौघांना उचलताना घाम फुटला. लाकडात आम्ही कंजुषी करत नाही!"

"तुमच्या मावशींनी दारातच मला ही शिट्टी दिली आणि सगळे नियम सांगितले," एक ठाम, शिक्षिकेसारखा आवाज म्हणाला. "मला फार आवडलं."

"हॅ हॅ, ते असंच आपलं! आज काही ती वाजणार नाही. काका, हलवा पाळणा!"

पाळणा हलला. जपूनराव डाव्या फळीवर आपटले. मग उजव्या फळीवर. परत डाव्या. दात घट्ट आवळून त्यांनी बायकोचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. तो चेहराही डावीउजवीकडे हलत होता.

"आत काहीतरी धडधडतंय का हो?" बाईंनी विचारलं. "एखादी फळी सुटली असेल."

"छे छे! शक्यच नाही!" दादांना अपमान सहन झाला नाही. "काका, जरा जोरात दाखवा बाईंना!"

काकांनी जोरात दाखवलं. जपूनरावांच्या तोंडून "आई गं!" बाहेर पडलं, पण यंत्राच्या खडखडाटात ते विरून गेलं. मग पाळणा आडवा झाला. जपूनराव पाठीवर आले, तर जरा बरं वाटलं. तेवढ्यात दादा ऐटीत म्हणाले, "आणि आता बघा हं, उलटं!"

पाय वर जाऊ लागले. डोकं खाली घसरू लागलं. मान कुठे वळेल याचा नेम नव्हता. आणि जपूनरावांनी आयुष्यभर दुसऱ्यांना जे सांगितलं होतं ते स्वतः केलं. धोका दिसला, शिट्टी फुंकली!

काय वाजली म्हणता! कपाटाच्या आत तर कानाचे पडदे फाटायची वेळ आली. काकांनी पाळण्याचा दांडा खाली केला. पाळणा अर्धा उलटा असतानाच थांबला. सगळ्या कारखान्यातला आवाज एकदम बंद झाला. सुतार हातोडा वर उचललेल्या अवस्थेत, मावशी ब्रश बुडवताना, दादा कपाटाकडे बोट दाखवताना आणि वसतिगृहवाल्या बाई चष्मा पुसताना, सगळे पुतळे!

"कुणी वाजवली?" दादा पुतळ्यासारखं उभं राहून दातांतून ओरडले. "कुणी वाजवली आज?"

"मी!" कपाट म्हणालं.

सगळ्यांच्या नजरा कपाटाकडे गेल्या.

"जावईबापू?" दादांचा आवाज चिरकला. "आपण कुठे आहात?"

"आत! डोक्यावर! दार उघडा!"

दादांनी पाऊल उचललं. लगेच अख्खा कारखाना एका सुरात ओरडला, "हलू नका दादा! शपथ घेतलीय!"

"अरे, आमचे जावई आहेत आत!"

"जावई असले तरी नियम म्हणजे नियम," मावशी म्हणाल्या. "ज्याने वाजवली त्यानेच हलायचं, त्यानेच धोका काढायचा. साहेब, तुम्ही हला बघू!"

"मी कसा हलू? मीच अडकलोय!"

"मग मोकळं म्हणा, म्हणजे आम्ही येऊन काढतो."

"धोका टळल्याशिवाय मोकळं म्हणायचं नाही, मावशी! मीच शिकवलंय!"

"बरोबर आहे," सुतार म्हणाला. त्याचा हातोडा हवेत थरथरत होता. "साहेब अडकलेत तोवर धोका टळलेला नाही. आणि आम्ही हललो नाही तर साहेब निघणार नाहीत. आणि मोकळं झाल्याशिवाय आम्ही हलणार नाही. नियम एकदम पक्का केलाय साहेबांनी!"

कपाटात जपूनरावांच्या डोक्यात सगळं रक्त उतरलं होतं. त्यामुळे असेल किंवा दुसऱ्या कशाने, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी सुरक्षेच्या बाबतीत खोटं बोलायचं ठरवलं. "मोकळं!" ते ओरडले. "मोकळं, मोकळं, मोकळं!"

पाळणेवाले काका सवयीचा माणूस. मोकळं ऐकलं की काम पुन्हा सुरू. त्यांचा हात आपोआप दांड्यावर गेला. पाळणा गचका मारून पुढे सरकला आणि जपूनराव पुरते उलटे झाले!

आतून पुन्हा शिट्टी. पुन्हा सगळे पुतळे.

"काका, हे काय केलंत?" दादा किंचाळले.

"साहेब मोकळं म्हणाले!"

"साहेब खोटं बोलले!" मावशींना भलताच राग आला होता. "आत अडकलेले असून मोकळं म्हणतात! आम्हाला शपथा घालता आणि स्वतः? लाज नाही वाटत?"

"वाटते हो मावशी," कपाटातून रडका आवाज आला. "पण उलटी वाटते!"

दादा आता कपाटाशी बोलत होते, बाईंकडे न बघता. "जावईबापू, मी तुम्हाला हात जोडले असते, पण मला हलता येत नाहीये. एक दिवस! एक दिवस फक्त गप्प राहायला सांगितलं होतं मी! गेली मागणी! गेलात तुम्ही!"

तेवढ्यात तिसरी शिट्टी वाजली. अगदी जवळून, खणखणीत. सगळ्यांच्या नजरा वळल्या, कारण माना वळवायची सोय नव्हती. वसतिगृहवाल्या बाईंच्या ओठांत लाल शिट्टी होती!

"मला दारात सांगितलं तेवढंच मला माहीत आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "जो वाजवेल त्याला हलता येतं. मी वाजवली. मी हलते."

हे त्यांच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं, हो! प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी लटकत होती! बाई पाळण्यापाशी गेल्या. पट्टा सोडला. कपाटाची कळ दाबली. दार उघडलं आणि जपूनराव बटाट्याच्या पोत्यासारखे त्यांच्या पायांशी ओतले गेले. टोपी नाही, एक चप्पल नाही, केस उभे. ते तसेच पालथे पडून म्हणाले, "आमच्या सुरक्षा आणि आरोग्य कार्यक्रमात आपलं स्वागत आहे."

बाईंनी त्यांना उठवलं, नीट उभं केलं, मान हलवून बघितली. मग चारही बाजूंना नजर फिरवली आणि म्हणाल्या, "मोकळं."

कारखान्याने श्वास सोडला. दादा मात्र हलले नाहीत. त्यांचं बोट अजून कपाटाकडेच होतं.

"बाई," ते कसेबसे म्हणाले, "असं रोज होत नाही."

"किती वेळ होते आत?" बाईंनी जपूनरावांना विचारलं.

"सकाळपासून. हाका मारल्या, पण कुणाला ऐकू गेल्या नाहीत."

"आणि दार आतून उघडत नाही."

"कितीही ढकला, नाही!" दादांच्या तोंडून अभिमानाने निसटलं, आणि मग त्यांनी जीभ चावली.

बाईंचा चेहरा बदलला. "आमच्याकडे लहान मुलं राहतात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लपाछपी खेळताना मुलं कुठे लपतात, सांगा बरं? मागच्या वर्षी एक मुलगी सापडेना. सगळं वसतिगृह पालथं घातलं. कपाटात होती, घामाने भिजलेली. रडून रडून आवाज बसला होता तिचा. वाचली. पण मी त्या दिवसापासून कुठलंच कपाट विकत घेतलं नाही. हे आज घेऊन गेले असते हो मी! चांगलं दिसतंय म्हणून घेऊन गेले असते."

 दादांचं बोट हळूहळू खाली आलं. जपूनराव आपली मान चोळायची विसरले. स्वतः आत असताना त्यांना एवढी भीती वाटली नव्हती, ती आता त्या न पाहिलेल्या मुलीसाठी वाटली.

"मला कपाटं हवीत," बाई म्हणाल्या. "सगळी तुमच्याकडूनच हवीत. जिथे मालक ओरडला तरी माणसं नियम सोडत नाहीत, तिथल्या मालावर मी विश्वास ठेवीन. पण खटका बदला. दार आतून साध्या धक्क्याने उघडलं पाहिजे. आणि एकूण एक कपाट तपासून पाठवायचं. नमुन्याला एखादं नाही, एकूण एक!"

"तपासतो! एकूण एक तपासतो!" दादांना बोलताना धाप लागली. "आतून उघडतं की नाही, एवढंच ना? सोपं आहे. कुणीतरी आत बसायचं, दार लावून घ्यायचं आणि..."

ते बोलता बोलता थांबले. हळूच वळले. मावशी वळल्या, सुतार वळला, काका वळले. सगळा कारखाना जपूनरावांकडे बघू लागला. दादांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेलं हसू पसरलं. त्यांनी दोन्ही हात जोडले, आणि या वेळी अगदी मनापासून.

"जावईबापू," ते म्हणाले, "आपल्याइतका अनुभवी माणूस मला कुठे मिळणार?"

संध्याकाळी बायको दारातच उभी होती. जपूनरावांची मान एका बाजूला कललेली, कपाळावर टेंगूळ. पण चाल अशी, की जणू लग्नाच्या वरातीतून येतायत!

"काय झालं?" तिचा आवाज कापत होता. "राहिली का हो नोकरी?"

"राहिली? अगं, बढती झाली! दादांनी सगळ्यांसमोर हात जोडून विनंती केली. ताठ मानेने जा तू माहेरी. माझी वाकडी आहे, पण तू ताठ मानेने जा!"

"अगंबाई! खरंच?"

"उद्यापासून मला स्वतंत्र केबिन!"

बायकोने दोन्ही हात गालांवर ठेवले. आनंदाने तिला काय विचारावं सुचेना. "छान आहे का हो? केवढी आहे? खिडकी आहे?"

जपूनरावांनी जरा वेळ छताकडे बघितलं. म्हणजे मानेमुळे बघावंच लागलं.

"खिडकी नाही," ते म्हणाले. "पण दार आतून उघडतं."